मॅझ १८ की इम्पीरियल: नागपुरातल्या एका गिटारवादकाच्या अ‍ॅम्प खरेदीचं प्रकरण

गिटारवादक तिशीतला, नागपूरचाच. रविवारी मोहन नगरातल्या एका चर्चमध्ये उपासनेला वाजवतो. लग्नसराईत आणि गणपतीत एका ऑर्केस्ट्राबरोबर हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करतो. बाकी आठवडाभर मनीष नगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुलांना गिटार शिकवतो. त्याच्याकडे फेंडर कंपनीचा ब्ल्यूज ज्युनियर अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) होता: १५ वॅट, ईएल८४ जातीच्या दोन ट्यूबा (सिग्नल वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह), एक १२ इंची स्पीकर. बरीच वर्षं त्याने तो निगुतीने वापरला. आता त्याला छोट्या कारखान्यात, थोड्या संख्येने बनणाऱ्या अ‍ॅम्पकडे जायचं होतं. असा अ‍ॅम्प म्हणजे इथल्या वादकाची दोन-तीन सीझनची कमाई. शिवाय नागपुरात असे अ‍ॅम्प दुकानात ठेवलेले नसतात, त्यामुळे लोक व्हिडिओ बघून पैसे लावतात आणि मग पस्तावतात.

याच्या बाबतीत एक दुर्मीळ योग जुळून आला. त्याच्या मनात असलेले दोन्ही अ‍ॅम्प एकाच वेळी गावात होते. पहिला डॉ. झेड कंपनीचा मॅझ १८, एका १२ इंची स्पीकरसह एकाच पेटीतला, म्हणजे कॉम्बो. तो त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा, अमेरिकेतून सामानाबरोबर आलेला. दुसरा टोन किंगचा इम्पीरियल, मार्क टू. मूळचा धरमपेठेतला एक स्टुडिओ वादक आता पुण्यात राहतो, त्याचा हा अ‍ॅम्प. तो विकायचा म्हणून त्याने आईवडिलांच्या घरी आणून ठेवला होता. दोघेही द्यायला तयार होते आणि किमतीत फार अंतर नव्हतं.

मी ट्यूब अ‍ॅम्प आणि जुनी ऑडिओ यंत्रं दुरुस्त करतो. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, अपग्रेड करायचंच आहे. फक्त दोनपैकी कोणता ते सांगा."

मी विचारलं, "आत्ताच्या अ‍ॅम्पमध्ये काय कमी पडून राहिलं?"

त्याची उत्तरं नेमकी होती, आणि त्यामुळेच हे प्रकरण नीट लागलं. एक, ऑर्केस्ट्रात आवाज वाढवला की स्वच्छ सूर फाटायला लागतो. दोन, घरी हळू वाजवताना आवाज पातळ आणि डबीतून आल्यासारखा येतो. तीन, बोटांचा जोर कमी-जास्त केला तरी अ‍ॅम्प त्याला पुरेसं उत्तर देत नाही. मी तिन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. पुढची प्रत्येक चाचणी याच तीन तक्रारींसाठी करायची, हे तेव्हाच ठरलं.

जुन्या अ‍ॅम्पपासून सुरुवात

नवीन दोघांना हात लावायच्या आधी ब्ल्यूज ज्युनियर टेबलावर घेतला. पॉवर ट्यूबा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूबा, दमल्या होत्या, त्या बदलल्या. मग त्याचा स्वतःचा स्पीकर सोडवून तो बाहेरच्या कॅबिनेटला जोडला. आत सेलेस्टिऑनचा जी१२एच स्पीकर, ८ ओहम, मागून उघडी पेटी. हीच पेटी पुढे तिन्ही अ‍ॅम्पसाठी वापरली.

आवाजातला डबीपणा जवळजवळ गेला. म्हणजे दुसऱ्या तक्रारीचा मोठा भाग स्पीकरचा आणि छोट्या पेटीचा होता. शिवाय जी१२एचची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, १ वॅटला १ मीटरवर. ९७ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी तो लावला, तर कानाला मिळणारा फरक अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केल्याइतका असतो, कारण पॉवर दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. "मला जास्त वॅटचा अ‍ॅम्प पाहिजे" असं म्हणत येणाऱ्या प्रत्येक वादकाला मी हे सांगतो. पंधराचे अठरा किंवा वीस वॅट झाले तर वाढ फार तर एखाद्या डेसिबलची.

पहिली आणि तिसरी तक्रार मात्र नव्या ट्यूबा आणि चांगला स्पीकर लावूनही उरली. अपग्रेडला खरं कारण होतं. ते नसतं तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं.

दोन घराणी

मॅझ १८ ईएल८४ घराण्यातला. हे घराणं इंग्लंडचं. केंटमधल्या डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीत डिक डेनी यांनी १९५८ च्या सुमारास व्हॉक्स एसी१५ हा अ‍ॅम्प आणला, पाठोपाठ चार ईएल८४ चा एसी३०. या वळणाच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूबांचं बायस (शांत असताना त्यांच्यातून किती करंट वाहावा ते) कॅथोडच्या रेझिस्टरवर ठरतं आणि आउटपुटकडून मागे फीडबॅक दिलेला नसतो. त्यामुळे आवाज एका रेषेवर येऊन एकदम फाटत नाही, हळूहळू भरत जातो आणि मधल्या पट्टीच्या वरच्या भागात चमकतो. डॉ. झेड म्हणजे ओहायोतले माइक झाइट. ते आधी वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीत होते आणि १९८८ मध्ये त्यांनी अ‍ॅम्पची कंपनी काढली. मॅझ १८ मध्ये दोन ईएल८४, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) म्हणून जीझेड३४ ट्यूब, ट्रेबल-मिडल-बेस हे तीन नॉब, वर व्हॉक्सच्या परंपरेतला कट (वरचे सूर कापणारा नॉब) आणि मास्टर व्हॉल्यूम. जोरात स्ट्रोक मारला की ट्यूब रेक्टिफायरमधून येणारा व्होल्टेज किंचित खाली बसतो आणि परत वर येतो. बोटांना हे कळतं. त्याच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर इथे होतं.

इम्पीरियल ६व्ही६ या पॉवर ट्यूबच्या घराण्यातला, हे घराणं अमेरिकन. १९६३ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब म्हणजे दोन ६व्ही६, साधारण २२ वॅट. टोन किंग ही कंपनी मार्क बार्टेल यांनी बाल्टिमोरमध्ये १९९० च्या दशकात सुरू केली. इम्पीरियलचे दोन चॅनेल आहेत. ऱ्हिदम चॅनेल फेंडरच्या त्या साठच्या दशकातल्या आवाजाकडे जातो. लीड चॅनेल त्याआधीच्या, पन्नासच्या दशकातल्या, ट्वीड कापडात मढवलेल्या फेंडर अ‍ॅम्पकडे झुकतो, आणि त्याला मिड-बाइट नावाचा एक वेगळा नॉब आहे. रिव्हर्ब (घुमार) आहे, ट्रेमोलो (आवाजाची लहर) आहे. मार्क टू मध्ये आतच रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅटेन्युएटर बसवलेला आहे, प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा. तो पॉवर ट्यूबांना त्यांचं काम पूर्ण करू देतो आणि स्पीकरकडे जाणारी ताकद पायरी-पायरीने कमी करतो.

यातलं 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायला मी मुद्दाम वेळ घेतला. स्पीकरचा अडथळा सगळ्या सुरांना सारखा नसतो. खाली रेझोनन्सच्या (स्पीकर आपसूक जास्त डोलतो त्या सुराच्या) जागी तो चढतो आणि वरच्या टोकाकडे पुन्हा वाढत जातो. नुसता जाड रेझिस्टर मधे टाकला तर अ‍ॅम्पला हा चढ-उतार दिसत नाही आणि आवाज मुका होतो. रिअ‍ॅक्टिव्ह भारात कॉइल आणि कपॅसिटर वापरून तो चढ-उतार राखलेला असतो.

वीज आणि मे महिना

कागदावर हा मुद्दा कोणी घेत नाही. पण आपल्या गावात निम्मा निर्णय इथेच होतो, म्हणून मी इथे थांबणार आहे.

इम्पीरियल युरोपातून आणलेला, मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट. मॅझच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लोकांना वाटतं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला की प्रश्न मिटला. व्होल्टेज खाली येतं खरं, पण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातलं चुंबकीय फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतं. १२० ला ६० ने भागा, २ येतात. इथे १२० ला ५० ने भागा, २.४ येतात. फ्लक्स २० टक्के जास्त. कोअर भरत आला की ट्रान्सफॉर्मर रिकामाच जास्त करंट ओढतो, गरम होतो आणि घुमतो. व्होल्टेज १०० वर आणलं तर फ्लक्स बरोबर दोनवर येतं, पण ट्यूबला तापवणाऱ्या फिलामेंटला ६.३ व्होल्टऐवजी ५.२५ मिळतात. ट्यूबा दहा टक्क्यांची तफावत सहन करतात, म्हणजे ५.६७ पर्यंत. त्याखाली कॅथोड पुरेसा तापत नाही आणि ट्यूबचं आयुष्य घटतं.

मधला मार्ग ११५ व्होल्ट. फिलामेंटला ६.०४, फ्लक्स १५ टक्के जास्त. चालवता येतं.

पण हा हिशोब भिंतीत नेमके २३० असतील तेव्हाचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संध्याकाळी सात वाजता मनीष नगरात घराघरांत एसी आणि कूलर लागलेले असतात. त्याच्या फ्लॅटमध्ये मीटर लावला तेव्हा तो २१० च्या आसपास होता. स्टेप-डाउन मधून १०५ आले, फिलामेंट ५.५ वर. त्याच ठिकाणी पहाटे २४५ मिळतात, तेव्हा तेच ट्रान्सफॉर्मर १२२ च्या वर देतं आणि फ्लक्स २२ टक्क्यांपेक्षा जास्त चढतं. म्हणजे मॅझ इथे नीट चालवायचा तर आधी सर्व्हो स्टॅबिलायझर (व्होल्टेज सलग जुळवत राहणारा) आणि मग स्टेप-डाउन, दोन्ही लागतात. फ्रिजचा रिले स्टॅबिलायझर चालणार नाही, तो पायरीने उडी मारतो आणि ती टिक् स्पीकरमधून ऐकू येते.

स्टेप-डाउन घेताना आणखी एक गोष्ट जिवाशी आहे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउनना बाहेरच्या बाजूला दोनच पिनांचं सॉकेट असतं. तिथे अ‍ॅम्पचं अर्थिंग तुटतं. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. हातात तारा, ओठ माइकवर, आणि अर्थिंग नाही. कार्यक्रमात हे चालणारच नाही. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तर अ‍ॅम्पला कधीच लावू नयेत. या अ‍ॅम्पसाठी मी ३०० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा आणि तीन पिनी सॉकेटचा ट्रान्सफॉर्मर वापरला. चाचण्या सगळ्या त्यावरच झाल्या.

उष्णतेचं वेगळंच. ईएल८४ ची अ‍ॅनोडवरची मर्यादा १२ वॅट. या घराण्याचे अ‍ॅम्प ट्यूबांना शांत बसलेल्या अवस्थेतही त्या मर्यादेच्या जवळ ठेवतात, त्यांच्या आवाजाचं एक कारण तेच आहे. बाहेर पंचेचाळीस आणि बंद खोलीत चाळिशी असेल तेव्हा पेटीतली हवा किती तापते याचा विचार करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. मॅझ दोन तास सलग चालू ठेवल्यावर त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत होता, पण फार वेळ नाही. हा बिघाड म्हणता येत नाही, इन्सुलेशनची मर्यादा याच्या बरीच वर असते. पण हा अ‍ॅम्प जिथे जन्मला तिथल्या हवेत त्याला जी मोकळीक आहे, ती इथे मे महिन्यात नाही.

तुलना कशी केली

नियम तीन: स्पीकर एक, आवाजाची पातळी एक, वाजवणं एक.

पातळी सारखी करण्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. एका डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. जास्त भरीव, जास्त उघडा. दोन अ‍ॅम्पच्या तुलनेत नॉब थोडा पुढे असलेला जिंकतो आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. म्हणून साउंड मीटर एका जागी ठेवून अर्ध्या डेसिबलच्या आत दोन्ही जुळवले. शिवाय ही जुळवणी प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागते. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं की आवाज हळू झाला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणजे घरी ७५ डेसिबलला जुळवलेला टोन मंचावर ९५ ला तसाच राहत नाही, अ‍ॅम्प तोच असला तरी.

वाजवणं एक ठेवायला लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून घेऊन तसंच पुन्हा वाजवणारं यंत्र. गिटार थेट लूपरमध्ये, त्याने तीन तुकडे भरले: मोकळ्या तारांचे अर्पेजिओ (एकेक तार छेडत), दाबून वाजवलेला ऱ्हिदम आणि एक सोलो ओळ जिच्यात जोर हळूहळू वाढत जातो. तेच तुकडे दोन्ही अ‍ॅम्पला दिले. नाही तर वादकाचे हात समोरच्या अ‍ॅम्पशी जुळवून घेतात आणि आपण अ‍ॅम्पऐवजी वादकाचं कौशल्य मोजत बसतो. बोटांना काय वाटतं ते नंतर, वेगळं, प्रत्यक्ष वाजवून बघितलं.

स्पीकर एक ठेवण्यात मात्र अडचण आहे. ट्यूब अ‍ॅम्प चालू असताना स्पीकर काढायचा नसतो. भार गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला व्होल्टेजची उसळी येते आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणजे दर वेळी अ‍ॅम्प बंद करा, केबल बदला, पुन्हा चालू करा, तापू द्या. एवढ्या वेळात कान आधीचा आवाज विसरतो, टोनची आठवण काही सेकंदांचीच असते. म्हणून एका पेटीवरची तुलना मुद्रित करून केली. एसएम५७ माइक पेटीसमोर ठेवला, जागा खडूने आखली आणि प्रत्येक अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंग घेऊन नंतर ते नाव न सांगता ऐकवलं. झटपट अदलाबदल हवी होती तेव्हा दोन्ही अ‍ॅम्प आपापल्या स्पीकरवर ठेवून मधे एबीवाय स्विच (गिटार या किंवा त्या अ‍ॅम्पला जोडणारा) लावला. तिथे दोन अर्थिंगमुळे घूं येते. त्यावर उपाय म्हणजे एका बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला स्विच. एका अ‍ॅम्पची अर्थची पिन तोडून टाकणारे लोक आहेत. तसं करू नये, कधीच.

कूलर बंद ठेवला. त्याच्या आवाजात वरच्या सुरांचे शेपूट, रिव्हर्बचा शेवट, काहीच ऐकू येत नाही. त्या उकाड्यात दर चाचणी आटोपशीर ठेवावी लागली आणि सकाळी लवकर करावी लागली. त्याच्या बायकोने मधल्या वेळेत पन्ह्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा.

घरी

फ्लॅटमधला निकाल स्पष्ट लागला. मॅझ मास्टर व्हॉल्यूमने खाली आणला की पॉवर ट्यूबांना काम उरत नाही. सगळं सुरुवातीच्या छोट्या १२एएक्स७ ट्यूबांवर येतं, आणि ज्या झुकाव-उसळीसाठी हा अ‍ॅम्प घ्यायचा तीच जाते. इम्पीरियल अ‍ॅटेन्युएटरच्या खालच्या पायऱ्यांवरही बोटांना उत्तर देत होता. वरचा चढ-उतार जागेवर होता. खर्ज थोडा हरवतो, तो कानाच्या स्वभावाने. बेसचा नॉब जरासा पुढे केला की भरून निघतो. शेजाऱ्यांच्या घरात मूल झोपलेलं असताना संध्याकाळची शिकवणी चालू राहिली.

चर्चमध्ये

उंच छत, प्लास्टरच्या भिंती, फरशी. तिथे खोलीच भरपूर रिव्हर्ब देते, म्हणून दोन्ही अ‍ॅम्पचा रिव्हर्ब शून्यावर आणला. इथे दोघांची ताकद दिसली. मॅझचा कट नॉब फार कामाचा निघाला. फरशीवरून परत येणारी वरची किणकिण त्याने कापता आली आणि ट्रेबलला हात लावावा लागला नाही. इम्पीरियलचा ऱ्हिदम चॅनेल शांत प्रार्थनेच्या वेळी अर्पेजिओला अतिशय सुंदर होता. प्रत्येक तार वेगळी, गोल, लांब टिकणारी. पण त्याचा खर्ज पियानोच्या डाव्या हातावर जाऊन चढत होता. बेस बराच खाली आणल्यावर ते सुटलं.

मंडळी गायला लागली तेव्हा दोन्ही पुरे पडले. मला एकटं ऐकताना मॅझ जास्त आवडला, हे मी त्याला लपवलं नाही.

ऑर्केस्ट्राच्या तालमीत

नंदनवनातला तालमीचा हॉल. दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, बेस गिटार, एक गायक, एक गायिका. मोठ्या सभागृहात, म्हणजे देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहात, गिटारच्या अ‍ॅम्पपुढे माइक लागतो आणि आवाज साउंडवाल्याच्या हातात जातो. म्हणून नुसता आवाज किती चढतो हा प्रश्नच नव्हता. बघायचं होतं ते गिटार इतरांच्या गर्दीत कुठे बसते.

घरी सगळ्यांना आवडलेला इम्पीरियलचा ऱ्हिदम चॅनेल इथे गायब झाला. फेंडरच्या त्या घराण्याच्या टोन सर्किटमध्ये मधला भाग, साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास, खोलगट असतो. एकटं वाजताना तेच गोड वाटतं. पण गिटारच्या सुरांचं मूळ तिथेच असतं. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झ, पहिल्या तारेचा बारावा पडदा ६५९. कीबोर्डच्या पॅडने (लांब धरलेल्या सुरांच्या थराने) ती जागा व्यापली की गिटारचं नुसतं टणत्कार उरतं. आवाज वाढवला तर टणत्कार वाढतो, सूर नाही.

मॅझ लावला आणि गिटार समोर आली. मीटरवर पातळी तीच. बेस वाजवणारा मान वर करून बघायला लागला. गिटारवादकाचा चेहरा बघून मला वाटलं निर्णय झाला. त्याच्या पहिल्या तक्रारीचंही उत्तर मिळालं होतं, कारण ऐकू येण्यासाठी त्याला आवाज वाढवावाच लागत नव्हता. आवाज फाटण्याच्या टोकापर्यंत जायची वेळच येत नव्हती.

मग गायिका म्हणाली, "दादा, गिटार मस्त वाजून राहिली तुझी. पण माझा अंतरा वर गेला की ती माझ्याच जागेत येऊन बसते. मला मग जोर लावा लागते."

सगळ्या चाचण्यांमध्ये मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. ईएल८४ ची जी चमक गर्दीतून वाट काढते, ती २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात असते. माणसाच्या आवाजातली शब्दांची स्पष्टता, व्यंजनांची धार तिथेच असते, आणि कानही तिथेच सगळ्यात तल्लख असतो. इंग्रजी रॉकच्या त्रिकुटात, जिथे गिटारच मुख्य, ही चमक वरदान आहे. आपल्या ऑर्केस्ट्रात गाणं गायकाचं असतं. गिटारने त्याच्या खाली, त्याच्या बाजूने चालायचं असतं, आणि तरीही तिचा सूर कळला पाहिजे. मॅझचा कट बराच फिरवून बघितला. गायिकेला बरं वाटलं, पण मग मॅझमधलं मॅझपण जात होतं.

तेव्हा इम्पीरियलचा लीड चॅनेल लावला, गेन अगदी कमी ठेवून, म्हणजे फाटणारा आवाज नको होता, फक्त त्याची मधल्या भागाची भर हवी होती. मिड-बाइट शून्यापासून हळूहळू पुढे नेला. पाव फेऱ्याच्या आसपास गिटार कीबोर्डच्या पॅडमधून बाहेर आली. त्यापुढे नेल्यावर ती खरखरीत व्हायला लागली, म्हणून मागे आणला. या जागी सूर मॅझइतका समोर नव्हता. पण ऐकू येत होता, त्याचं मूळ ऐकू येत होतं आणि अंतऱ्याला गायिका मोकळी होती. तिला दोन्ही अ‍ॅम्पचे तुकडे मुद्रित करून, कोणता कोणता ते न सांगता पुन्हा ऐकवले आणि त्यावर गायला सांगितलं. तिने प्रत्येक वेळी इम्पीरियलचा लीड चॅनेल निवडला. गायकानेही तोच निवडला. ढोलकवाल्याला फरक वाटला नाही आणि त्याने तसं सांगितलं, त्याच्या सांगण्याचीही मी नोंद ठेवली.

वाजवणाऱ्याला जो आवाज हवा असतो तो आणि शेजारच्याला जो हवा असतो तो, यात शेजारच्याचं ऐकावं असं माझं मत आहे. निदान साथीच्या वादकाने. गिटारवादकाला हे पटायला एक रात्र लागली. त्याने घरी जाऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि सकाळी फोन करून म्हणाला, "काका, ताईचं बरोबर आहे."

निर्णय

त्याने इम्पीरियल घेतला. घरी तो स्पष्टपणे पुढे होता. चर्चमध्ये बरोबरी होती. ऑर्केस्ट्रात मॅझ ज्या कारणाने पुढे वाटला, तेच कारण तिथे अडचणीचं होतं. त्यात वीज: मॅझ म्हणजे दर कार्यक्रमाला सर्व्हो आणि जड ट्रान्सफॉर्मर बरोबर न्यायचा, आणि मंडपातल्या जनरेटरवर त्याला सोडायचं. जनरेटरवर व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही ढळते, ५० च्या खाली गेली की फ्लक्सचं गणित आणखी बिघडतं.

त्याच्या जागी एखादा रॉक वादक असता, पुण्या-मुंबईतल्या एसी स्टुडिओत राहणारा, २३० व्होल्टचा मॅझ मिळवू शकणारा, तर मी उलटा सल्ला दिला असता. जे बोटांना लगेच कळतं, त्यात मॅझ मला आजही सरस वाटतो.

पैसे देण्याआधी इम्पीरियल दोन तास तापलेल्या खोलीत चालू ठेवला. अ‍ॅटेन्युएटरची प्रत्येक पायरी दोन्ही चॅनेलवर फिरवली, कारण फिरत्या स्विचचे संपर्क जुने झाले की तिथेच आवाज तुटतो. सगळे नॉब फिरवून खरखर ऐकली. ट्यूबा एकेक करून पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलक्या टकटकवल्या. एक १२एएक्स७ घंटीसारखी वाजली, ती बदलली आणि तिची किंमत विकणाऱ्याने स्वतःहून कमी केली. फ्यूज योग्य मूल्याचा आणि स्लो-ब्लो प्रकारचा आहे का ते बघितलं. दुसऱ्या हाताच्या अ‍ॅम्पमध्ये कोणीतरी मोठा फ्यूज टाकलेला असण्याची शक्यता नेहमी असते. ६व्ही६ ची एक जुळलेली जोडी, दोन १२एएक्स७ आणि चार फ्यूज त्याने अ‍ॅम्पबरोबरच्या डब्यात ठेवले. या सगळ्या ट्यूबा आजही बनतात, आपल्याकडेही मागवता येतात. घरी ५०० व्हीएचा छोटा सर्व्हो लावला, २३० व्होल्टच्या अ‍ॅम्पलाही २४५ ची पहाट नकोच असते.

ब्ल्यूज ज्युनियर त्याने विकला नाही. चाचणीच्या पेटीतला जी१२एच त्यानेच माझ्याकडून विकत घेतला आणि तो ब्ल्यूज ज्युनियरमध्ये बसवला, ओहम जुळत होते. तो आता शिकवणीच्या खोलीत मुलांसाठी असतो. मॅझ भाऊजींकडे परत गेला, ट्यूबा काढून, प्रत्येकीवर जागेचा नंबर लिहून, वेगळ्या बांधून.